जुनी फियाट घरी दुरुस्त करून पैसे खरंच वाचतात का? माझी चार वर्षांची वही

कोथरूडची_फियाट | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, माझ्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नंबर लावून चार वर्षं वाट पाहिली, मग मिळाली. आमच्याकडे तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच म्हणतात. कागदावर १९७४ पासून हे नाव आलं, पण गाडी मुळात फियाट ११००, कुर्ल्याला बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लावलेला हँड गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

बाबा गेल्यावर तीन वर्षं मी ती गॅरेजांच्या भरवशावर चालवली. त्या तीन वर्षांची बिलं जोडली तर १,३२,००० रुपये होतात. तरीही उन्हात अर्धा तास चालली की गाडी अडखळायची, तापमानाचा काटा लालकडे जायचा आणि सिग्नलला बंद पडायची. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. शेवटी एका गॅरेजने सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल. पिस्टन, रिंगा, सगळं." अंदाज ६८,००० चा.

त्या रात्री बाबांची वही काढली. १९७८ पासूनची प्रत्येक ग्रीसिंगची, ऑइल बदलीची, प्लगची नोंद त्यात होती. एका पानावर लिहिलं होतं, "गरम झाल्यावर मिस. कंडेन्सर बदलला. ठीक." साल १९९१. एवढीच ओळ.

दुसऱ्या दिवशी एका मित्राकडून कॉम्प्रेशन गेज आणलं. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायला बायकोला बसवलं आणि एकेक सिलिंडर तपासला. चारही ११५ ते १२० पीएसआयच्या दरम्यान आले. रिंगा खलास झालेलं इंजिन असे एकसारखे आकडे देत नाही. एखादा सिलिंडर कमी आला असता तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं असतं. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. मला ती वेळच आली नाही.

मग डेल्कोची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप उघडली. पॉइंट निळसर-काळे जळलेले. कंडेन्सर गरम झाला की आतून निकामी व्हायचा, गार झाला की परत काम करायचा. नवा कंडेन्सर आणि पॉइंट मिळून नाना पेठेत ४१० रुपये. फिलर गेजने पॉइंटची फट ०.४५ मिमी ठेवली, टायमिंग लावलं आणि अडखळणं बंद झालं.

गरम होणं मात्र राहिलंच होतं. थर्मोस्टॅटवर (पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) संशय आला, म्हणून तो काढला, दोऱ्याने बांधला आणि गॅसवर पातेल्यात सोडला. आई शेजारी उभी. पाण्यात तिचा तापाचा थर्मामीटर चालणार नाही, म्हणून पाकाचा आणला होता. ८० अंशांच्या पुढे काटा गेला आणि ती पितळी चकती मुंगीच्या गतीने वर सरकू लागली. आई म्हणाली, "अरे, हे तर जिवंत आहे!" थर्मोस्टॅटचा दोष नव्हता. परत बसवला. इंजिन चालू ठेवून रेडिएटरवर हात फिरवला तर मधला पट्टा गार, बाकीचा कढत. म्हणजे नळ्या चोंदलेल्या. रेडिएटर उतरवून रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करायला, दिला, १,८०० रुपये लागले. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरल्याने आत क्षार जमले होते. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ते एकदा तापून वाकलं की मग खरोखर मोठा खर्च होतो.

६८,००० च्या जागी २,२१०.

त्यानंतर मीही वही ठेवली. चार वर्षांत सुट्या भागांना ४१,३००, हत्यारांना १४,६००, बाहेरच्या कामाला १९,५००. एकूण ७५,४००. यात ब्रेकचं पूर्ण काम, क्लच प्लेट, एक नवा रेडिएटर होज सेट, वायरिंगचा अर्धा भाग आणि पुढच्या चाकांचे सगळे बुश आले; फक्त चारही टायर यात धरलेले नाहीत.

धागा काढायचं कारण असं: आपल्याकडे मजुरी इतकी स्वस्त आहे की घरी काम करून मजुरीचे पैसे फारसे वाचत नाहीत. वाचतात ते चुकीच्या निदानाचे. नको असलेला भाग बदलण्याचे. माझं हे म्हणणं तुमच्या अनुभवाशी जुळतं का? आणि कोणती कामं तुम्ही घरी करता, कोणती नाही?

---

वेळेचा_हिशेब | रविवार, रात्री १०:२५

लेख मनापासून आवडला. पण एक शंका. कॉम्प्रेशन, थर्मोस्टॅट, रेडिएटर यात तुमचे किती रविवार गेले? माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांनी आवाज ऐकूनच कंडेन्सर सांगितला असता आणि २०० रुपये घेतले असते. चांगला माणूस शोधणं हीच खरी बचत नाही का?

---

कोथरूडची_फियाट | रविवार, रात्री १०:५०

असा मिस्त्री असेल तर त्यांना धरून ठेवा. माझे तसेच होते. बाबांच्या वेळचे. ते थकले, त्यांच्या मुलाने दुसरा व्यवसाय धरला. आता पुण्यात कार्बोरेटर आणि पॉइंट मनापासून समजणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नवी मुलं हुशार आहेत, पण ती स्कॅनर जोडून गाडी वाचतात. या गाडीला स्कॅनर जोडायची जागाच नाही. मग ती अंदाजाने भाग बदलत जातात, आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण भरतो.

तीन रविवार गेले. खरं सांगतो, ते मला गेले असं वाटलं नाही.

---

काळीपिवळी_परळ | रविवार, रात्री ११:१५

माझे वडील, अण्णा, मुंबईत टॅक्सी चालवायचे. पद्मिनीच. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली, तेव्हा आमच्या घरात कुणी जेवलं नाही. अण्णांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरीही.

टॅक्सीवाल्याला गाडी गॅरेजमध्ये उभी ठेवणं परवडतच नाही. दिवसाचा धंदा बुडतो. त्यामुळे आमच्या चाळीच्या तोंडाशी रात्री दहा ते बाराच्या वेळेत गाड्या दुरुस्त व्हायच्या. अण्णांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये कायम एक कंडेन्सर, एक रोटर, एक फॅन बेल्ट, प्लगचा पाना आणि एक ओलं करायचं फडकं असायचं. फडकं कशाला? मे महिन्यात दादरच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल पंपातच उकळून वाफ व्हायची आणि गाडी बंद. फडकं ओलं करून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचं, पाच मिनिटं थांबायचं, चालू. पॅसेंजर आत बसलेला असायचा, उतरायचा नाही. त्यालाही माहीत असायचं.

एक गोष्ट अण्णा कधीच घाईत करायचे नाहीत. ब्रेक. जुन्या गाडीत ब्रेकची लाईन एकच. एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरची रबरी वाटी फाटली की चारही ब्रेक गेले, पेडल थेट तळाला. म्हणून दर पावसाळ्याआधी ते चारही ड्रम उघडायचे. आत ओल दिसली की वाट्यांचा सेट बदलायचा. त्याची किंमत तेव्हाही चहापाण्याइतकी होती, आजही फार नाही. दोन गोष्टी त्यांनी मला शिकवल्या त्या लिहितो. वाट्या कधीही पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायच्या नाहीत. रबर फुगतं आणि ब्रेक अडकतात. ब्रेक ऑइलनेच पुसायच्या. आणि ब्रेकच्या लाईनमधली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. एकजण पेडल दाबून धरणार, दुसरा निपल सैल करून लगेच आवळणार. माझं बालपण "दाब... धर... सोड" ऐकत गेलं.

---

मृण्मयी_नाशिक | सोमवार, सकाळी ७:३०

नमस्कार. मी या विषयात अगदी नवी आहे. आजोबांची १९८६ ची पद्मिनी नाशिकला घरामागे शेडमध्ये सहा वर्षं उभी आहे. काका भंगारात द्यायला निघाले होते, मी हट्टाने थांबवलं. नोकरी लागून दीड वर्षच झालंय, त्यामुळे पैसे जपून. बॅटरी नवी टाकून चावी मारून बघू का? आणि हत्यारं कोणती घेऊ? १४,६०० एकदम झेपणार नाहीत.

---

निवृत्त_फिटर | सोमवार, सकाळी ९:०५

बेटा, चावी मारू नकोस. थांब.

सहा वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल केव्हाच उतरलेलं असतं, रिंगा चिकटलेल्या असू शकतात. स्टार्टरने जबरदस्तीने फिरवलंस तर रिंग तुटेल आणि मग खरंच इंजिन उतरवावं लागेल. असं कर. चारही प्लग काढ. प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि दोन दिवस तशीच राहू दे. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी मिळून गाडी हळूच मागेपुढे ढकला. प्लग बाहेर असले की इंजिन हलकं फिरतं. फिरलं, तर अर्धी लढाई जिंकलीस. नाही फिरलं तर आणखी ऑइल, आणखी दोन दिवस. जोर लावायचा नाही.

तोवर टाकीतलं जुनं पेट्रोल काढ. त्याला वार्निशसारखा वास येईल. काढताना जवळ बल्ब, मोबाईल चार्जर, उदबत्ती काही नको. इंजिन ऑइल बदल. रेडिएटरमधलं पाणी काढून बघ, कोणत्या रंगाचं येतं. ब्रेक बहुतेक धरलेले असतील, ते वरच्या मुलाने लिहिलंय तसं.

मी चाळीस वर्षं इंजिनं उघडली. जी गाडी मालकाने घाईने चालू केली, तिचंच काम मला जास्त मिळालं. प्लग लगेच काढून टाक, पण पुढचं काम रविवारी, घाई न करता.

---

कोथरूडची_फियाट | सोमवार, दुपारी १:१०

काकांनी लिहिलंय त्यापुढे मी काय सांगणार! फक्त हत्यारांचं सांगतो. एकदम सगळं घेऊ नका, मीही चार वर्षांत घेतली. फियाटचे नट-बोल्ट मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे आहेत, त्यामुळे ८, १०, १३, १७, १९ हे पाने जवळजवळ सगळं काम करतात. जुन्या बाजारात कुणी अँबॅसॅडरचा इंची सेट स्वस्तात देईल, तो घेऊ नका. इंची पाना मेट्रिक नटावर जवळजवळ बसतो आणि नटाच्या कडा गोल करून टाकतो. मग तो नट काढायला छिन्नी लागते.

माझा क्रम असा होता: पाने आणि प्लगचा पाना, फिलर गेज, साधा मल्टीमीटर, ग्रीस गन. एवढं साधारण ४,००० मध्ये झालं. ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या नंतर घेतल्या. घोड्यांशिवाय गाडीखाली जायचं नाही, एवढं मात्र माझ्यासाठी वचन द्या. विटा रचून, दगड लावून, जॅकवर विसंबून, काहीही नाही. वीट सूचना न देता फुटते.

ग्रीस गन सगळ्यात आधी पैसे वसूल करते. या गाडीच्या पुढच्या चाकांना किंग पिन (ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं ती) आहेत, त्यांना ग्रीसचे निपल असतात. दर हजार-दीड हजार किलोमीटरला नवं ग्रीस दाबलं, आतलं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत, तर किंग पिन वर्षानुवर्षं टिकतात. नाही दाबलं तर पिन आणि बुश झिजतात, स्टिअरिंग थरथरतं, टायर एका बाजूने खाल्ले जातात. म्हणजे शंभर रुपयांच्या ग्रीसचा खर्च टाळल्याने पंधरा हजारांचं काम. बाबांच्या वहीत ग्रीसिंगची एकही तारीख चुकलेली नाही. मूळ किंग पिनवर गाडी सत्तावीस वर्षं चालली.

---

बार्देसकर | सोमवार, संध्याकाळी ६:४५

म्हापशाहून लिहितोय. तुम्ही लोक इंजिनाचं बोलताय, आमच्याकडे गाडी खाते ती खारी हवा. माझ्या १९८२ च्या फियाटचं इंजिन आजही पहिल्याच दिवसासारखं आहे, पण दोन वेळा तळ बदलला.

मृण्मयी, इंजिनाच्या आधी पत्रा बघा. पायाखालचं रबर उचला. त्याखाली ओल असेल तर पत्रा पिठासारखा झाला असेल. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायला भोकं असतात, ती मातीने बुजतात, पाणी दारातच साचतं आणि दार आतून बाहेर सडतं. बाहेर फोड दिसतो तोपर्यंत आत काही उरलेलं नसतं. जाड तार घेऊन ती भोकं मोकळी करा. हे पाच मिनिटांचं आणि फुकटचं काम आहे.

पत्र्यावर किती लांबी (पुट्टी) भरली आहे ते बघायचं असेल तर छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून गाडीवर फिरवा. पत्रा असेल तिथे चिकटतं, लांबी असेल तिथे गळून पडतं. माझी गाडी घेताना मी हे केलं नाही. मागच्या चाकाच्या कमानीत बोटभर जाड लांबी होती. ती काढली तेव्हा आत वर्तमानपत्र सापडलं.

वेल्डिंग मी घरी करत नाही. पण गंज खरवडणं, प्रायमर, खालून संरक्षक लेप हे सगळं मीच करतो. खूप जण जळकं इंजिन ऑइल ब्रशने खाली मारतात. पत्र्याला चालतं, पण ते रबरी बुशवर आणि ब्रेकच्या होजवर गेलं की ते मऊ पडून फाटतात. त्यापेक्षा मेणासारखा लेप मिळतो, तो घ्या.

---

उद्यमनगर_लेथ | सोमवार, रात्री ९:२०

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. घरी काय करू नये, हे विचारलं होतं म्हणून लिहितो.

बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचं फेसिंग (खालची बाजू सपाट करणं), व्हॉल्व्ह सीट कापणं. या चार गोष्टी मशिनशिवाय होत नाहीत, घरी काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासणारे व्हिडिओ बघून कृपया करू नका. आमच्याकडे महिन्याला एक तरी असं हेड येतं, मध्ये खोलगट आणि कडेला उंच. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम परत आणता येत नाही.

पण उतरवणं आणि बसवणं जरूर घरी करा, त्यात पैसे वाचतात. हेड इंजिन पूर्ण गार असतानाच उघडायचं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे, टॉर्क पान्याने. टॉर्क पाना विकत नको असेल तर भाड्याने किंवा मागून घ्या. आणि आमच्यासारख्याकडे भाग घेऊन येताना तो स्वच्छ धुऊन, सुटा करून आणा. साफ करायला आमचा मुलगा तीन तास घालवतो, त्याचे पैसे आम्ही लावतोच.

आणखी एक. जो भाग बाजारात मिळत नाही तो बनतो. पितळी बुश, पिना, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, एवढंच काय गिअर लिंकेजचे छोटे सांधे. जुना तुकडा टाकून देऊ नका, कितीही झिजलेला असो. नमुना हातात असला तर काम निम्म्यात होतं. फोटोवरून माप निघत नाही.

---

लेस्टरहून_वैद्य | सोमवार, रात्री ११:५०

इथे इंग्लंडमध्ये रात्रीचे साडेसात वाजत आलेत. माझ्याकडे १९६७ ची मॉरिस मायनर आहे. तुमचा मूळ मुद्दा वाचून मी विचारात पडलो, कारण इथे बरोबर उलट आहे. सुटे भाग सगळे मिळतात, एका फोनवर घरी येतात आणि स्वस्त असतात. मजुरी मात्र तासावर मोजतात आणि ती परवडत नाही. त्यामुळे इथला मालक मजुरी वाचवायला पाना हातात घेतो.

४० वर्षांपुढच्या गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. काही मित्रांना त्याचा आनंद झाला. मी तरीही दरवर्षी स्वेच्छेने तपासणी करून घेतो. स्वतः केलेल्या कामावर दुसऱ्याची नजर पडलीच पाहिजे. मला दोन वर्षांपूर्वी त्यांनीच दाखवलं की मी मागच्या ब्रेकचा पाईप स्प्रिंगला घासेल असा बसवलाय.

इथे २०२१ मध्ये ई-१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेट्रोलचे रबरी पाईप बदलले. तुमच्याकडे तर ई-२० आहे. त्याचं कुणी काही केलंय का?

---

कोथरूडची_फियाट | मंगळवार, सकाळी ८:१५

वैद्य, हा प्रश्न फार महत्त्वाचा. त्यावर सविस्तर लिहितो.

इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा ठिसूळ करतं, हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीचा साठलेला गाळ मोकळा करतं. गेल्या वर्षी माझा पेट्रोल पाईप हातात घेतला तर बाहेरून ठीक होता, वाकवल्यावर आतून चिरा दिसल्या. गरम मॅनिफोल्डच्या वर पेट्रोल ठिबकलं असतं तर गाडी पेटली असती. सगळे पाईप एसएई जे३० आर९ (पेट्रोल पाईपांचं मानक) लिहिलेले घेतले. मीटरला थोडे महाग, पण एकूण दोन मीटरसुद्धा लागत नाहीत. पंपाचं डायफ्रॅमही बदललं, जुनं कडक होऊन चुरगळलं होतं.

कार्बोरेटरचंही बघावं लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीचा संगणक ते सांभाळून घेतो, आपला सोलेक्स कार्बोरेटर नाही. माझी गाडी चढावर धक्के मारायला लागली आणि प्लगची टोकं पांढरट दिसू लागली. मेन जेट एक माप मोठा टाकला, प्लग पुन्हा विटकरी-तपकिरी झाले. प्लगचा रंग बघायला शिका. त्यावरून मिश्रण बरंचसं कळतं आणि पैसे लागत नाहीत.

महिनाभर गाडी चालणार नसेल तर मी टाकी भरून ठेवतो. रिकाम्या जागेत हवा कमी, त्यामुळे पाणी कमी.

आणि तपासणीचा तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. ब्रेकचं काम झालं की मी शेजारच्या मिस्त्रीकाकांना १०० रुपये देऊन फक्त बघायला बोलावतो.

---

वेळेचा_हिशेब | मंगळवार, दुपारी २:३०

परवा मीच शंका काढली होती, म्हणून हिशेबात एक भर घालतो. गाडी २० वर्षांपुढची असेल तर नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, आधी ते ५,००० होतं. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. नोंदणी आणि कर दर पाच वर्षांनी, विमा आणि पीयूसी त्याहून लवकर येणार आणि त्यात घरच्या कामाने काही वाचत नाही. मृण्मयीताईंनी हे आधी धरूनच ठरवावं. कागद संपले असतील तर पुढचा खर्च करण्यापूर्वी ते बघा.

५० वर्षांपुढच्या मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती रोज चालवण्यासाठी नाही. ज्याला गाडीने ऑफिसला जायचंय त्याने त्या वाटेला जाऊ नये.

---

काळीपिवळी_परळ | मंगळवार, रात्री १०:००

एक राहिलं होतं. जुने ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट यांच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आतली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. अण्णांनी आयुष्यभर फुंकर मारली. आता त्यांना दम लागतो. कशामुळे, डॉक्टर नक्की सांगू शकत नाहीत, पण मी कुणाला फुंकर मारू देत नाही.

---

मृण्मयी_नाशिक | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:५५

सगळ्यांना सांगायचंय म्हणून हात न धुताच टाईप करतेय.

सोमवारी प्लग काढून ऑइल सोडलं होतं. काल ढकलली, हलली नाही. रडूच येत होतं. काकांनी लिहिलं होतं म्हणून जोर लावला नाही, आणखी ऑइल सोडलं. आज सकाळी भाऊ आणि काका (भंगारवाले काकाच!) दोघे मागे, मी स्टिअरिंगला. पहिल्यांदा गाडी नुसती कण्हली. दुसऱ्यांदा एक "टक्" आवाज आला आणि फॅन फिरला. फॅन फिरताना बघून काका गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले, "बाबांनी ही मला शिकवायला घेतली होती." मला हे माहीत नव्हतं.

इंजिन मोकळं फिरतंय. अजून चालू केलेलं नाही. टाकी काढली, आत लाल माती आणि एक मेलेली पाल. दाराची भोकं तारेने मोकळी केली, डाव्या दारातून तांब्याभर पाणी आलं. चुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त पुढच्या डाव्या मडगार्डवर नाही. कागद मात्र २०२१ लाच संपलेत, उद्या आरटीओत चौकशी करते.

आतापर्यंतचा खर्च: पाने आणि प्लगचा पाना १,३५०, ऑइल १,१००, ग्रीस गन ६५०. मीही वही केली आहे. आजोबांच्या शाळेच्या वह्या होत्या, त्यातली एक कोरी होती.

प्रश्न असा: टाकी आतून धुवायला काय वापरू? गंज बराच आहे, पण भोक कुठे दिसत नाही.

---

निवृत्त_फिटर | रविवार, संध्याकाळी ६:२०

शाब्बास पोरी.

टाकीत मूठभर बारीक खडी किंवा छोटे नट टाक, गरम पाणी आणि कपडे धुण्याचा सोडा घाल, तोंड बंद करून दोघांनी हलवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चारदा. मग चांगली धुऊन उन्हात पूर्ण वाळव, दोन दिवस तरी. टाकलेले नट मोजून ठेव, तेवढेच बाहेर आले पाहिजेत. वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत आत बॅटरीचा उजेड टाक आणि बाहेरून बघ. भोक असेल तर चांदणी दिसेल. आणि टाकीत पेट्रोलची वाफ धुतल्यावरही राहू शकते, म्हणून तिच्याजवळ वेल्डिंगवाल्याला येऊ देऊ नकोस.

टाकी बसवण्याआधी इथे लिही. मग कार्बोरेटर कसा उघडायचा ते सांगतो.